उणे ऐंशी

एकोणीस वर्षं मी खजिनदार आहे
आर्ब्रोथच्या आमच्या या छोट्या समितीची.
डबे माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटे होतात.
नाण्यांना धुरावलेल्या हॅडक माशाचा वास असतो,
निम्मे डबे धुरीघरांच्या गल्ल्यांशेजारी ठेवलेले.
दरवर्षी एखादं बटण निघतं, एखादं नॉर्वेचं नाणं,
एकदा तर कुणाचा तरी दुधाचा दात.
तेही मी वेगळं लिहून ठेवते.

यंदा जमा, तीन हजार एकशे बारा पौंड.
खर्च, दीडशे गुलाबी शर्ट.
फुगे. फुग्यांतला गॅस.
बंदरापासून कड्यापर्यंत रस्ता अडवायची परवानगी.
एक लांबलचक फलक, त्यावर एकच शब्द: जागृती.
उरले अकराशे चाळीस.

बैठकीत ड्यूगल उठला,
खेकड्यांचे पिंजरे टाकणारा, वर्षाला दोन वाक्यं बोलणारा.
म्हणाला, "आता सॉसेजच्या पाकिटावरही गुलाबी फीत असते.
ज्याला अजून ठाऊक नाही
असा एक माणूस दाखवा मला या गावात."
आणि बसला. फियोनानं सगळ्यांना चहा ओतला,
ज्यांचे कप भरलेले होते त्यांनासुद्धा.

जागृती कसली?
आम्ही जागेच होतो.
रात्री दोनला, एल्स्पेथच्या उशाशी,
बशीत बर्फाचे खडे,
तिचे ओठ ओले करायला.
बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं
आणि माझ्या बहिणीनं विचारलं, "आज कचऱ्याचा वार ना?"
तेवढंच. शेवटचं म्हणावं असं दुसरं काही नाही.

मार्चमध्ये डंडीहून पत्र आलं: येऊन बघा.
प्रयोगशाळेत इफेओमा नावाची मुलगी,
हातात कोपरापर्यंत निळे मोजे.
तिनं एक उंच कपाट उघडलं, दहाच सेकंद.
आतून पांढरी वाफ पायांवर सांडली.
"उणे ऐंशी," ती म्हणाली. "हा एक कप्पा तुमचा.
आणि आठ महिन्यांची वीज."
दारावर चिकटपट्टी, समितीचं नाव, एक अक्षर चुकलेलं.
आत नळ्या. नळ्यांवर आकडे.
नाव कुणाचंच नाही.
मी विचारलं नाही.

"काय सापडलं?" हे मात्र विचारलं.
ती खोटं बोलली नाही.
"चार वर्षांत एक दार सापडलं, जे बंदच आहे.
आता दुसऱ्या कुणी ते ठोठावत बसायला नको."
हे मला कळलं. खजिनदाराला कळतं.
शून्यसुद्धा रकान्यात लिहावंच लागतं,
नाहीतर पुढच्या पानावर बेरीज फसते.

कळलं, पण परतीच्या गाडीत बरं वाटलं नाही.
एल्स्पेथ एक्केचाळीसची होती.

मॉरीनची मुलगी रोज सकाळी एक गोळी घेते.
अकरा वर्षं घेते आहे. शाळेत भूगोल शिकवते,
आणि दुकानात रांगेत असली की तिचं हसू रस्त्यापर्यंत येतं.
ती गोळी कुणाच्या नाण्यांतून आली?
मी मागे मागे शोधत गेले, पावती धरून पावती.
मध्येच कुठेतरी कागद संपतात.

मी ठराव मांडला: पुढच्या वर्षी शर्ट नकोत.
पाच विरुद्ध सात. पडला.
"शर्ट नाही तर माणसं नाहीत," फियोना म्हणाली,
"माणसं नाहीत तर तुझे डबे कोण भरणार?"
तिच्याकडे तिचा नवरा गेल्याला वर्षही झालेलं नाही.
त्या गर्दीत ती कुणाचा तरी दंड धरून चालते.
हे कोणत्या रकान्यात घालायचं मला माहीत नाही.

शर्ट मीच मागवले. दीडशे.
रात्री वही भरताना
जागृतीच्या जागी हात लिहून गेला, जागरण.
खोडलं नाही.
हिशेबतपासनीस विचारील तेव्हा बघू.

तिकडे डंडीत, कुलूपबंद खोलीत,
ते कपाट आता घुमत असेल.
आमच्या आठातला हा पाचवा महिना.